रकान्यात तीन नावं

रविवार, ९ फेब्रुवारी २०२५. वटारच्या माझ्या माहेरघराचा ओटा. रक्कम चौऱ्याऐंशी लाख: चौदा गुंठे केळीची वाडी, गुंठ्याला सहा लाख. हजर: दादा, वहिनी, धाकटा भाऊ, सीए बाई आणि मी. घेणारा शेजारचाच बागायतदार. भाव ठरलेला असल्यामुळे तो आला नव्हता.

मला कशाला बोलावलंय ते वहिनीनं फोनवरच सांगितलं होतं. एक कागद आहे, सही कर आणि जेवून जा.

आमच्याकडे वाडीचा पैसा घेणाऱ्याकडून थेट विकणाऱ्याला देत नाहीत. दोघांच्या विश्वासातल्या सीएकडे ठेवतात. खरेदीखत नोंदलं गेलं की तो वाटून देतो. या बाईंच्या वडिलांनी अर्ध्या गावाचा पैसा असा नुसत्या शब्दावर सांभाळला होता. बाईंनी मात्र फॉर्म काढला. दोनेक वर्षांपूर्वी नियम आला होता: गिऱ्हाइकासाठी जमिनीचा व्यवहार हाताळणाऱ्या सीएनं खरे मालक कोण, पैसा कुठून आला आणि शेवटी कुणाला मिळणार, हे तपासून लिहून ठेवायचं.

"मालक मी," दादा म्हणाला. "सातबारा बघ."

"बघितला, काका. तुमच्या नावापुढे एकत्र कुटुंब पुढारी लिहिलंय. कुटुंबात कोण कोण?"

"मी आणि हा धाकटा. ताईनं सोडलंय."

त्यानं ट्रंकेतून शंभराचा स्टँप पेपर आणला. वाडीतला हक्क सोडल्याचा मजकूर, खाली माझी सही. बाबांच्या तेराव्याला, पाहुणे पांगायच्या आत मी ती केली होती आणि बाराशेची साडी घेऊन घरी गेले होते. कुणी फसवलं नव्हतं. आत्यांनीही अशाच सह्या केल्या होत्या. दुसऱ्यांचे हिशेब पैशापर्यंत जुळवणारी मी, माझा स्वतःचा वाटा किती होतो हे सतरा वर्षांत एकदाही मांडलं नव्हतं.

बाईंनी कागद उलटून पाहिला. नोंदणीचा शिक्का नव्हता. हा चालणार नाही, ताईंनी सोडलं असेल तर नोंदणी करून नव्यानं सोडावं लागेल, असं त्या म्हणाल्या. सगळे माझ्याकडे बघू लागले. सुकेळ्यांची, वाडीतल्याच वाळवलेल्या केळ्यांची, बशी मधे तशीच होती. आमच्या यांची कंपनी दोन वर्षांपूर्वी बंद झाली, मुलीचं शिक्षण व्हायचंय, हे सगळ्यांना माहीत होतं. नाही म्हटलं तर या ओट्यावर पुन्हा कोण बोलावणार, हेही मला माहीत होतं. मी चौऱ्याऐंशीला तिनानं भागलं.

"मी नव्यानं काही सोडत नाही," मी म्हणाले. "माझे अठ्ठावीस."

"साडी नेसून झाली, आता वाडीपण पाहिजे," वहिनी म्हणाली.

"साडीचे बाराशे वळते करा की."

धाकटा हसला, मग दादाकडे बघून त्यानं बशी पुढे ओढली. दादानं बाईंना सुनावलं, तुझ्या बापानं असले प्रश्न कधी विचारले नाहीत. त्यांना विचारावे लागत नव्हते, मला लागतात, चुकलं तर दंड मला आहे, असं बाई शांतपणे म्हणाल्या. या नियमात सीए येतात, वकील येत नाहीत, हे त्याला त्यांनीच सांगितलं, तेव्हा तो म्हणाला की मग वकिलाकडेच जातो. मी जेवले नाही. बाईंच्याच रिक्षातून निघाले.

वसईला कोर्टाजवळ दादाचा जुना वकील बसतो. त्यानं काय सांगितलं ते मला धाकट्याकडून कळलं. तो नियम वकिलाला लागू नाही, पण नोंदणीचा कायदा सगळ्यांना लागू आहे. बहीण अडून बसली तर घेणारा एक रुपया देणार नाही. एवढं ऐकायला दादानं तीन हजार मोजले.

बाराव्या दिवशी तो उमेळ्याला आमच्याकडे आला. चपला काढून दारातच उभा राहिला.

"तू मागितलं असतंस तर मी दिलं नसतं का?"

"नसतं दिलंस," मी म्हणाले.

"नसतं," तो म्हणाला, आणि आत येऊन बसला. मी चहा टाकला. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं भावंडं बाईंच्या ऑफिसात गेलो. मालकांच्या रकान्यात दादानं त्याच्या हातानं तीन नावं लिहिली. माझं दुसरं, वयाप्रमाणे. आमच्या घराण्यात लेकीचं नाव जमिनीच्या कागदावर याआधी कुणी लिहिलेलं मला ठाऊक नाही. मी ते वाचलं, आधार कार्डाशी ताडून पाहिलं आणि मगच सही केली. बाहेर पडल्यावर मला रस्त्यात थांबून हसावंसं वाटलं, आणि मी हसले.

मंगळवार, २२ एप्रिलला खरेदीखत नोंदलं गेलं. शुक्रवारी बाईंनी पैसे वाटले: दादाला अठ्ठावीस लाख, धाकट्याला अठ्ठावीस लाख, मला अठ्ठावीस लाख. बाईंची फी चोवीस हजार, त्यावर अठरा टक्के जीएसटी, एकूण अठ्ठावीस हजार तीनशे वीस. माझ्या वाट्याचे नऊ हजार चारशे चाळीस मी माझ्या खात्यातून भरले आणि पावती माझ्या नावानं घेतली.