ओठावरचा गूळ

सारण आटत आलं की त्याचा भरवसा राहत नाही. मुकाट शिजता शिजता मध्येच एखादा बुडबुडा फुटतो आणि ढवळणाऱ्याला चटका देतो. गुणवंतीच्या मनगटावर असे चार-दोन डाग होतेच. पण त्या सकाळी तोंडावरची पट्टी घामाने खाली सरकली होती, आणि थेंब उडाला तो नेमका खालच्या ओठावर. चटका बसल्यावर कुणाचीही जीभ जे करते, तेच तिच्या जिभेने केलं. जिभेला हाड नसतं असं बोलघेवड्यांबद्दल म्हणतात. आपल्या जिभेला अक्कलही नाही, असं गुणवंतीला त्या क्षणी वाटलं.

तिने चाखलं होतं, आणि सारण खारट होतं.

बाहेरच्या माणसाला यात काय एवढं, असं वाटेल. स्वयंपाक करणारी बाई चव बघते, त्यात कसला गुन्हा. पण राहीताईंच्या शेडमध्ये मोदक होत होते ते नैवेद्याचे, आणि नैवेद्याचं कोकणात कुणी आधी चाखत नाही. घरोघरी हेच चालतं. बायका अंदाजाने मीठ टाकतात, अंदाजाने गूळ घालतात, आणि देवाच्या आधी जिभेला लावत नाहीत. राहीताईंनी या रीतीचा धंदा केला होता, आणि धंदा केल्यावर रीत आणखी कडक झाली होती.

झालं होतं असं. रत्नागिरी शहराच्या कडेला, पत्र्याच्या शेडमध्ये, राहीताईंनी उकडीचे मोदक गोठवून विकायला सुरुवात केली. मोदक कच्चे वळायचे, फ्रीजरमध्ये दगडासारखे करायचे, मुंबई-पुण्याला पाठवायचे. तिथल्या बाईने फक्त वाफवायचे. सुरुवातीला लोक हसले. मग पहिल्याच चतुर्थीला डबे संपले तेव्हा हसणारेच चौकशीला आले. त्यातलाच एक सूरज. त्याने चौकशी करून थेट मशीनच आणलं. एक दांडा दाबला की चार मोदक, सगळ्यांच्या कळ्या सारख्या, किंमत कमी. राहीताईंची गिऱ्हाइकं तिकडे पाझरायला लागली.

तेव्हा ताईंना सुचलं. त्यांनी डब्यावर ठसठशीत छापून घेतलं: हाताने वळलेले, न चाखता केलेले. मशीनला हात नाहीत आणि सूरजच्या कामगारांच्या तोंडाला धरबंध नाही, हे न लिहिताच लोकांना कळलं. ज्यांच्या स्वतःच्या घरात सोवळ्याला सवड उरली नव्हती त्यांना त्यातले 'न चाखता' हे दोन शब्द फार आवडले. धंदा सावरला. आणि शेडमध्ये नियम झाला, की जी चाखेल ती त्याच दिवशी घरी.

नियम नुसता बोलायचा नव्हता. गेल्या वर्षी सानिका नावाची खोबरं खवणारी बाई अशीच गेली. खवलेल्या खोबऱ्याची चिमूट तिने तोंडात टाकली, ताईंनी पाहिलं, आणि ती काहीतरी सांगायला लागली तर तिला बोलूच दिलं नाही. त्यानंतर सगळ्या बायका तोंड मिटून काम करायला शिकल्या. ताईंना ती शिस्त वाटली. लोक गप्प झाले की मालकाला नेहमी शिस्तच वाटते.

गुणवंतीचं गप्प राहणं तर जास्तच नवलाचं. जन्म देवरूखच्या वरच्या अंगाच्या डोंगरातला, पण लग्न होऊन आली ती खाडीपलीकडच्या भाट्याला, मासळीच्या घरात. नवरा होडीवर खलाशी. सासूच्या मागोमाग टोपली घेऊन तिने बारा वर्षं बाजारात मासळी विकली. पापलेट दाबून बघणाऱ्या गिऱ्हाइकाला ती दोन गल्ल्या पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात विचारायची, की घ्यायचा हाय का डॉक्टर हाव तुमी. होडीचं काम कमी झालं, टोपलीवर घर चालेना, तेव्हा ती इथे आली. तिच्या बोटांतून मोदकाला अशा बारीक, उभ्या कळ्या पडत की ताईंनी तिला पहिल्याच दिवशी ठेवून घेतलं.

पहिल्याच आठवड्यात सखूकाकीने, म्हणजे शेडमधल्या सगळ्यात जुन्या बाईने, सगळ्यांसमोर विचारलं होतं, "हाताला वास नाय ना गो?"

काकी वाईट मनाने बोलली नसेलही. पण गुणवंतीला ते लागलं, आणि अजून लागतं. त्या दिवसापासून ती घरून निघताना लिंबाने हात चोळते. तो मोठा आवाजही तिने भाट्याच्या पुलापलीकडेच ठेवून दिला. आता कढईसमोर उभं राहून तिच्या मनात पहिलं आलं ते हेच: मी चाखलं म्हटलं तर काकी म्हणणार, बघा, शेवटी मासळीवालीच.

सारण खारट का झालं, हे कळायला तिला फार डोकं चालवावं लागलं नाही. गूळ नवा होता. सूरजच्या कमी किमतीशी टक्कर द्यायची म्हणून ताईंनी जुना व्यापारी सोडून नवा धरला होता. त्याने दाखवलेली नमुन्याची ढेप गोडच असणार. मागून आलेल्या ढेपा खाऱ्या रानातल्या उसाच्या होत्या, आणि त्या कुणी चाखायच्या?

त्यात आजची ऑर्डर. ठाण्याला मिठाईची चार दुकानं असलेला एक गृहस्थ पहिल्यांदाच माल घेणार होता. चतुर्थी तोंडावर आलेली, दुपारी त्याची गार गाडी यायची होती. माल आवडला तर वर्षभर मोदक घेईन म्हणाला होता, आणि जाता जाता सहज सांगितल्यासारखं, सूरजचा नंबरही माझ्याकडे आहे, हेही म्हणाला होता. ताई तेव्हापासून धड बसल्या नव्हत्या.

"सारण झालं का? इकडे पाऱ्या वाळायला लागल्या," ताईंनी हाक मारली.

गुणवंतीने कढई उतरवली. पहिली कढई परातीत गेली, वळणाऱ्या बायकांपुढे गेली, आणि उकडीच्या पाऱ्यांमध्ये सारण भरलं जाऊ लागलं. एकेक कळी मिटत होती आणि एकेक खारट मोदक ट्रेमध्ये बसत होता. दिसायला इतके देखणे की कुणाची दृष्ट लागावी.

तिने आडून विचारून पाहिलं. "ताई, या गुळाचा रंग जरा काळपट नाय वाटत?"

"गूळ मी बघून घेतलाय."

"जुन्या गुळाच्या ढेपा हायत ना थोड्या मागे?"

ताईंनी फोनवरून मान वर केली. "गुणवंती, आज नको. आज कुणीच काही काढू नका. हात चालवा."

हात चालवा म्हटल्यावर हात चालले. दुसरी कढई चढली. गुणवंती कालथा फिरवत राहिली. सांगावं तर हातचं काम जातं, घरी दोन पोरं आणि नवऱ्याचा अर्धा हंगाम बुडालेला. न सांगावं तर हे मोदक ठाण्याला जाणार, तिथल्या घरोघरी पाटावर मांडले जाणार, पानात वाढले जाणार. आरती होणार, आणि मग पहिला घास घेऊन माणसं एकमेकांकडे बघणार. देवाने तर त्यांच्या आधीच खाल्लेला असेल. हा विचार आला तशी तिच्या हातातला कालथा थांबला.

मग तिला वाटलं, कढई सांडावी. पाय सरकला म्हणायचं. कुणी विचारणार नाही, खारट सारण जमिनीवर जाईल, ताई चिडतील पण काढणार नाहीत. तिने दोन्ही फडकी हातात घेतली, कानांना धरून कढई उचलली, आणि तशीच उभी राहिली. नैवेद्याचं पायदळी घालायचं? आणि ही सांडली, तरी पुढच्या कढईत तोच गूळ. किती वेळा पाय सरकणार?

तिने कढई पुन्हा शेगडीवर ठेवली. आदळली तसा आवाज झाला आणि वळणाऱ्या बायकांनी वर पाहिलं.

"थांबवा," गुणवंती म्हणाली. तिचा बाजारातला आवाज आपोआप बाहेर आला होता. "हात थांबवा सगळ्यांनी. सारण खारट हाय."

राहीताई फोन कानाशी धरून तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी तो हळूच खाली ठेवला. "तुला कसं माहीत?"

आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. "ओठावर उडालं. जीभ लागली. मी चाखलंय, ताई."

ताईंचा चेहरा उतरला, मग कडक झाला. "कधी?"

"पहिल्या कढईला."

"म्हणजे एवढा वेळ..." ताईंनी ट्रेंच्या चळतीकडे पाहिलं. "एवढा वेळ गप्प बसलीस? आणि आत्ता सांगतेस, गाडी यायच्या वेळेला? तुझ्या एका जिभेवर विसंबून मी हे सगळं फेकून देऊ? चटका बसलेल्या ओठाला काय चव कळते?"

"मग तुमी बगा."

हे गुणवंती सहज बोलली, पण बोलल्यावर सगळ्यांच्याच ध्यानात आलं, की बघायचं म्हणजे चाखायचं. आणि चाखलं की डब्यावरचे दोन शब्द खोटे. न चाखता पाठवावं तर खारट जाईल, चाखून पाठवावं तर फसवणूक होईल. ताईंनीच बांधलेल्या कुंपणात ताई स्वतः अडकल्या होत्या. त्या ट्रेकडे बघत होत्या, घड्याळाकडे बघत होत्या, आणि त्यांच्या कपाळावर घाम आला होता. त्या क्षणी ताई गुणवंतीला एकदम एकट्या वाटल्या. शेडमधली कुणीच बाई काही सुचवत नव्हती. सुचवायची सवयच मोडली होती.

उठली ती सखूकाकी. आता आपला उद्धार होणार म्हणून गुणवंतीने मान खाली घातली.

काकीने मात्र तिच्याकडे पाहिलंही नाही. मोदकांखाली घालायला आणलेल्या केळीच्या पानांतलं एक तिने धुतलं, ट्रेमधले पाच मोदक उचलले आणि ते छोट्या मोदकपात्रात वाफेवर ठेवले. "देवाला दाखवूया," ती म्हणाली. "मग खाऊया. देवाच्या आधी खाऊ नये एवढंच आमच्या आयेने शिकवलान. देवाच्या नंतरपण खाऊ नये असा कोणी सांगितलान नाय."

"पण काकी, एकदा दाखवलेलं परत दुसऱ्याच्या देवाला कसं..." ताई म्हणाल्या.

"वेगळा काढलेला वेगळा. बाकीच्यांना कोण हात लावतंय?"

वाफ धरेपर्यंतचा तो वेळ कुणाचाच सरेना. मग कोनाड्यातल्या गणपतीपुढे पान मांडलं. काकीने पाणी फिरवलं, डोळे मिटले, पुटपुटली. ताईही हात जोडून उभ्या होत्या. त्या काय मागत होत्या ते सगळ्यांना कळत होतं: हिची जीभ खोटी ठरू दे. खरं सांगायचं तर गुणवंतीही तेच मागत होती. मग काम गेलं असतं तरी चाललं असतं.

ताईंनी पानातला मोदक उचलला, त्याचं नाक मोडलं आणि घास घेतला. चावायच्या त्या थांबल्या. गिळलाही नाही आणि टाकताही येईना, प्रसाद होता. शेवटी गिळला.

हातच्या कांकणाला आरसा लागला नाही. एकेक बाई पुढे होऊन कण कण घेत गेली आणि तोंड वाकडं न करण्याचा प्रयत्न करत गेली.

मग कुणी कुणाला सांगायची वाट पाहिली नाही. खारट मोदकांचे ट्रे बाजूला सरले, मागच्या जुन्या ढेपा बाहेर आल्या. नारळ फुटले, नवी उकड काढली गेली. प्रत्येक कढई उतरली की काकी त्यातलं वाटीभर वेगळं काढायची, गणपतीपुढे ठेवायची आणि मग वाटी सगळ्यांत फिरायची. "वेलची कमी," कुणी म्हणालं. "आणखी दोन मिनिटं आटू दे," आणखी कुणी. वर्षभर मिटलेली तोंडं उघडली तशी थांबेनात.

जुना गूळ निम्म्या मालाला पुरला. गाडी आली तेव्हा ताईंनी ठाण्याला फोन लावला आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत होता. ताई फक्त हो, हो म्हणत होत्या. फोन ठेवून त्या म्हणाल्या, "निम्मा घेतोय. निम्मा सूरजकडून उचलणार. पुढचं चतुर्थीनंतर बघू म्हणाला."

गाडी गेली. बायका परात-भांडी घासायला बसल्या. गुणवंतीने हात धुतले, एप्रन काढून खुंटीला लावला, आणि आपली पिशवी घेऊन ताईंसमोर जाऊन उभी राहिली. नियम तिला पाठ होता.

"मी निघू ना, ताई?"

"उद्या लवकर ये," ताई म्हणाल्या. "नव्या गुळाची ढेप आली की आधी फोडून देवाला दाखवायची, मग चाखायची. तू चाखायची."

गुणवंती हलली नाही. काम वाचलं म्हणून गप्प निघून जावं, हे शहाणपण तिलाही कळत होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण एकदा सुटलेला आवाज परत आत जाईना.

"ताई, गेल्या वर्षी एका गणपती मंडळाचे डबे परत आले होते. खोबऱ्याला खवट वास येतोय म्हणून."

"हो. ते गिऱ्हाईक सूरजने नेलं. त्याचं आता काय?"

"सानिकेला तुमी काढलंत, त्याच्या दुसऱ्या दिवशी ते डबे गेले होते." गुणवंतीने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "ती तेव्हा तेच सांगत होती, ताई. नारळ खवट हायत म्हणून."

भांडी घासण्याचा आवाज थांबला होता. समोर रिकाम्या डब्यांची चळत होती, तिच्यावरचे ते दोन शब्द राहीताईंनी अंगठ्याने घासल्यासारखे केले.

"तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं?"

बायकांनी भांड्यांवरच माना हलवल्या.

ताईंनी पायात चपला घातल्या. "सानिका राहते कुठे?"

"मी जाऊन घेऊन येतंय तिला," सखूकाकी उठत म्हणाली.

"नको," ताई म्हणाल्या. "घर फक्त दाखवा. आत मी जाईन."