रुमालाखालचा वजिफा

एम.ए. झाल्यावर मला पीएच.डी. करायची होती. विषय, आमच्या भागातल्या जुन्या बैलबाजारांचा इतिहास. हैदराबादेत अशा संशोधनाला वजिफा मिळे, म्हणजे दरमहा खर्चापुरते पैसे. माझे वडील, अप्पा, आमच्या मंठाळ गावाहून बाजारोबाजारी फिरणारे बैलांचे दलाल. त्यांना हसू आवरेना.

“गेलेल्या बाजाराची चौकशी करायला सरकार पैसे द्यायलंय व्हय? बरं, मिळाला तर शीक. न्हाई मिळाला तर गप घरी ये अन् माझ्यासंगं बाजार कर.”

बैलाचं वय ओळखायला त्याच्या तोंडात हात घालून दात बघायची मला लहानपणापासून धास्ती. वजिफ्याशिवाय माझी सुटका नव्हती.

मुलाखतीला तीन प्रोफेसर होते. अंगात उसनी शेरवानी, पण खांद्यावर सवयीनं रुमाल. उर्दूतल्या प्रश्नांना उत्तरं बरी गेली. मग मधल्या म्हाताऱ्या प्रोफेसरांनी विचारलं, “महिन्याला किती लागतील?”

इथं मी अडलो. आमच्याकडं चारचौघांत आकडा बोलणं म्हणजे निव्वळ अडाणीपणा. बाजारात दलाल रुमालाखाली समोरच्याची बोटं धरतो आणि भाव फक्त त्या दोघांना कळतो. अप्पांनी जन्मात कधी भाव तोंडानं सांगितला नव्हता, मी कसा सांगणार? उठलो, रुमाल प्रोफेसरांच्या हातावर टाकला आणि खालून त्यांची चार बोटं धरली. एका बोटाचे दहा रुपये.

बाकीचे दोघे थक्क. एकानं तर शिपायाला बोलवायला घंटीकडं हात नेला. तेव्हा कुठं मला कळलं, आपण काय करून बसलोय! गेलं सगळं. डोळ्यांपुढं बैलांचे जबडेच दिसायला लागले. हात काढून घ्यायला गेलो, तर म्हातारा सोडेचना.

“हे काय आहे?” त्यांनी विचारलं.

मी चाचरत बोटांचा हिशेब सांगितला. असे सौदे कागदावर कधी चढतच नाहीत, म्हणून हा इतिहास म्हाताऱ्या दलालांना विचारूनच लिहावा लागेल, हेही सांगून टाकलं. आता लाजायचं तरी काय राहिलं होतं? त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसेना. मग रुमालाखाली त्यांचा हात हलला आणि त्यांनी माझी तीन बोटं धरली.

माझा जीव भांड्यात पडला. इतकं हलकं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं. अप्पांबरोबर एवढे बाजार मी उगाच हिंडलो नव्हतो. ज्याला बैल न्यायचाच नसतो तो भाव पाडून मागत बसत नाही, सरळ पुढं निघून जातो.