उपासाचा साबुदाणा

मंडळी, आईची साखर अखेर आटोक्यात आली. नवीन जालन्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी आज सकाळी रिपोर्ट पाहून तसं सांगितलं.

गेल्या खेपेला साखर वाढलेली पाहून आई धास्तावली होती. आता राजूरच्या गणपतीच्या चतुर्थीचा उपास कायमचा बंद होणार, असंच तिला वाटत होतं.

"उपासाला मी काहीच खात न्हाई, मंग साखर कशी वाढती?"

"साबुदाणा?" बाईंनी विचारलं.

"दोन ताटल्या. पण तो तं उपासाचा हाय!"

बाई हसल्या. त्यांनी ज्वारीची भाकरी ठेवली, उपासही ठेवला. डॉक्टरांना विचारून गोळ्यांच्या वेळा जुळवून दिल्या आणि साबुदाण्याऐवजी वाटीभर भगर अन् ताक सांगितलं.

आज परतताना आई म्हणाली, "बाईनं भाकर बी ठिवली अन् देव बी."

परवा चतुर्थी आहे. भगर निवडून ठेवली आहे. तुमच्याकडे उपासाचं खाणं कुणी मोजतं का?