तारा थांबत नाही

बुधवार पेठेतल्या एका बोळात, तिसऱ्या मजल्यावर माझं डीटीपीचं दुकान आहे. शालन बराटे यांचं हस्ताक्षर मी गेली नऊ वर्षं टाइप करतोय, त्यामुळे त्यांच्याबद्दल बोलायचा मला अधिकार आहे असं मी धरून चालतो. ज्यांना पटत नसेल त्यांनी त्यांच्या एका तरी पुस्तकावर त्यांचं नाव शोधून दाखवावं. मुखपृष्ठावर 'तिखट तारा' असतं, कंपनीचं चिन्ह असतं, आत बारीक अक्षरात प्रकाशक असतो. लेखिका कुठेच नसते.

'तिखट तारा' ही त्या कंपनीची टीव्हीवरची कार्टून मालिका. तिच्या गोष्टींची मराठी पुस्तकं काढायचा परवाना आमच्या ओळखीच्या एका प्रकाशकाने घेतला आणि लिहायला बाईंना गाठलं. महापालिकेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं म्हणून सगळे त्यांना बाईच म्हणतात. राहतात वारज्यात, माहेर वाघोलीचं. मुलं कुठे हसतात आणि कुठे जांभई देतात हे त्यांना जेवढं कळतं, तेवढं त्या कंपनीच्या अख्ख्या इमारतीला कळत नाही. हे मी रागाने म्हणतोय असं वाटेल. रागानेच म्हणतोय.

कंपनीचं एक जाडजूड नियमपुस्तक आहे. त्याला 'ब्रँड बुक' म्हणतात आणि म्हणताना आवाज खाली आणतात. ताराची वेणी उजवीकडेच. तारा कारलं खात नाही. तारा सगळ्यांना उलट बोलते, पण आईला नाही. बाईंनी एवढ्या कुंपणाच्या आत राहून सात पुस्तकं लिहिली आणि मुलांनी ती फाटेपर्यंत वाचली. प्रत्येक मजकूर आधी बाणेरच्या ऑफिसात राजनंदिनी मॅडमकडे मंजुरीला जायचा. मॅडमना मराठी वाचायचा कंटाळा, म्हणून सोबत इंग्रजी सारांश जोडावा लागायचा. लाल शेरे त्या सारांशावर यायचे. पुस्तक मराठी, शेरे इंग्रजी सारांशावर! यात कुणालाही काही वावगं वाटत नव्हतं.

आठव्या पुस्तकात बाईंनी महिपती आणला.

महिपती हा त्यांचा धाकटा भाऊ, खराखुरा. वाघोलीत त्याची पिठाची गिरणी आहे. तो लहानपणापासून बोलताना अडखळतो. शाळेत मास्तर त्याचं वाक्य स्वतःच पुरं करून मोकळे व्हायचे आणि वर्ग खिदळायचा. सातवीत त्याने शाळा सोडली. बाई शिक्षिका झाल्या तेव्हा त्यांच्या वर्गात एकच कडक नियम होता: बोलणाऱ्याचं संपेपर्यंत दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही.

पुस्तकातला महिपती ताराच्या वर्गातला. ओढ्यावरचा पूल खचलाय हे एकट्या त्याला माहीत असतं. तो सांगायला लागतो आणि अडखळतो. मागे सगळी शाळा सहलीला निघालेली, आणि पुढे धावणारी तारा थांबते. चांगली पानभर थांबते. त्याचं वाक्य त्याला पुरं करू देते, म्हणून सगळ्यांचा जीव वाचतो. ते पान टाइप करताना मला दोनदा चष्मा पुसावा लागला.

नाव भावाला विचारूनच घेतलं होतं. तो गिरणीत येणाऱ्या प्रत्येकाला सांगत सुटला, "आक्काच्या पुस्तकात म... मी हाय."

मंजुरी आली नाही, बोलावणं आलं. बाईंबरोबर मीही बाणेरला गेलो.

"मॅम, स्टोरी मस्त आहे," राजनंदिनी मॅडम म्हणाल्या, "पण तारा थांबत नाही."

"म्हणजे?"

"ब्रँड बुक, पान अकरा. ती कायम ऑन द मूव्ह असते. आपण असं करूया ना, तो बोलायला लागला की ताराच ओळखेल आणि त्याचं सेंटेन्स कम्प्लीट करेल. स्मार्ट वाटेल."

"त्याचं वाक्य ती का पुरं करेल? त्याला तोंड आहे."

"आणि ते स्टॅमरिंग पण सेन्सिटिव्ह आहे, मॅम. कुणी ऑफेंड झालं तर?"

"माझा भाऊ आहे तो. त्याला विचारलंय मी."

"ओह, सो स्वीट!"

समोरचा पाण्याचा ग्लास मी त्या नियमपुस्तकावर ओतला असता. बाईंनी डोळे वटारले म्हणून ते पुस्तक कोरडं राहिलं.

"मग मी महिपतीला काढून घेते," बाई म्हणाल्या. "पण त्याचं वाक्य तोडणार नाही."

पुस्तक निघालं. त्यात पूल खचल्याचं एक पोपट सांगतो. पोपट कंपनीला लगेच चालला. बाईंनी वाघोलीला जाऊन भावाला खरं काय ते सांगितलं. तो "अ... असू दे" म्हणाला आणि दळणाकडे वळला.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत मालिकेचे नवे भाग लागले आणि त्यात महिपती होता. तोच पूल, तीच सहल, तेच नाव. दर अडखळण्याला मागून 'टॉइंग' असा आवाज. तारा त्याचं वाक्य पुरं करायची, मुद्दाम चुकीचं, आणि सगळा वर्ग लोळून हसायचा. पुस्तकात जे नाजूक होतं, ते टीव्हीवर विनोदी झालं होतं.

भावाचा फोन आला तेव्हा बाई माझ्याच दुकानात होत्या. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर असतो.

"आक्का, ह... हे तू ल... लिहिलंस व्हय?"

मी 'नाही हो' म्हणायला तोंड उघडलं. बाईंनी हात वर केला. त्याचं बोलणं संपलं नव्हतं.

"गिरणीत प... पोरं यून टॉइंग करत्यात. माझं ना... नाव काढ त्यातनं."

मग तो थांबला. बाईंनी आणखी थोडी वाट पाहिली आणि म्हणाल्या, "मी नाही लिहिलं रे. पण नाव मी दिलं. काढायला लावते."

त्यांनी कंपनीला साधं पत्र लिहिलं: तेवढं नाव बदला. उत्तर आठवड्यात आलं. करारातलं कलम चौदा. लेखिकेने पाठवलेलं प्रत्येक पात्र, नाव आणि प्रसंग, मंजूर असो वा नामंजूर, कंपनीच्या मालकीचं. शिवाय, 'महिपती' हे नाव व त्याची बोलण्याची पद्धत लेखिकेने अन्यत्र वापरल्यास कायदेशीर कारवाई करण्यात येईल. बापाने बारशाला ठेवलेलं, रेशन कार्डावर असलेलं नाव! त्याच्या सख्ख्या बहिणीला ते वापरायची बंदी!

त्या करारावर बाईंनी माझ्या टेबलावर, माझ्याच पेनाने सही केली होती. मुलांच्या वहीतला एक अनुस्वार न सोडणाऱ्या बाईंनी ती पानं वाचली नाहीत. प्रकाशक ओळखीचा होता, तेवढं त्यांना पुरलं. आणि महिपतीचं ते पान ईमेलने कंपनीला पाठवणारा मीच. माझा राग निम्मा माझ्यावरच आहे, पण उरलेला निम्मा त्या इमारतीला पुरून उरेल.

काल बाई जिने चढून आल्या. धाप लागलेली. पिशवीतून शंभर पानी वही काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवली. आत तारा नव्हती. ओढा, खचलेला पूल आणि एक मुलगा होता. वर पुस्तकाचं नाव म्हणून भावाचं पूर्ण नाव लिहिलं होतं: महिपती सीताराम भाडळे.

"लेखिकेचं नाव?" मी विचारलं.

"त्याच्या खाली टाक. नीट दिसेल असं."

"बाई, नोटीस येईल."

"येऊ दे. कोर्टात मी त्यालाच उभा करीन. त्याचं नाव कुणाचं, ते सांगू दे त्याला. आणि त्याचं संपेपर्यंत बसू देत सगळे थांबून."