ती मेंदी नव्हती

पडद्यावर अकरा बायका उभ्या होत्या. द्राक्षबागेत, एका ओळीत. सगळ्यांचे पंजे कॅमेऱ्याकडे. पंजे लाल. मनगटाच्या वरपर्यंत लाल.

सानिका इंग्रजीत म्हणाली, "या आमच्या बागेतल्या आदिवासी बायका. दरवर्षी येतात. फार साध्या, फार आनंदी. बघा, कामावरसुद्धा हातांना मेंदी लावतात. त्यांना रंग खूप आवडतो."

मिशिगनमधल्या एका लहान गावातलं हायस्कूल. नोव्हेंबर. समोर तीसेक अमेरिकन पोरं. "ब्यूटिफुल," कुणीतरी म्हणालं.

डावीकडून तिसरी माझी आई होती.

मी लॅपटॉपपाशी उभी होते. बोलायचं काम सानिकाचं, बटण दाबायचं काम माझं. ही वाटणी तिनंच केली होती. "तुझा ॲक्सेंट त्यांना कळत नाही गं, तू क्लिक कर." पुढच्या बाकावरच्या एका मुलानं माझ्याकडे बघून विचारलं, "तूही लावतेस का असं?"

मी म्हणाले, "हो. सणाला."

आणि बटण दाबलं. पुढची स्लाइड दिवाळीच्या फराळाची होती.

हे आधी लिहून टाकते. आता मी ज्या कामगार संघटनेत आहे तिथल्या मीटिंगांमध्ये मी नेहमी मालकांनी काय केलं ते सांगते, पत्रकातही तेच लिहिते. त्या दिवशी मी काय केलं ते कधी सांगत नाही. मी सणाला म्हणाले. आईचे हात मी सणाला देऊन टाकले.

तेव्हा राग आला का? नाही. लाज? तीही नाही. काहीच वाटलं नाही. जेवायच्या सुट्टीत मी पिझ्झा खाल्ला, तो तोंडात पुठ्ठ्यासारखा फिरत राहिला, एवढंच आठवतं.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. छाटणी झाली की द्राक्षाच्या काडीवरचे डोळे, म्हणजे कोंबांच्या जागा, एकदम फुटावेत म्हणून त्यांना औषध लावतात. एका हातात बादली, एका हातात फडकं, एकेक डोळा ओला करत जायचं. कुठं लावलं, कुठं राहिलं ते कळावं म्हणून औषधात लाल रंग मिसळतात. डब्यावर हातमोज्यांचं चित्र असतं. ते चित्र आमच्या मजुरांच्या टोळीतल्या सगळ्यांनी पाहिलंय. हातमोजे कुणी पाहिले नाहीत. चार-पाच दिवसांनी रंग उतरतो, आणि कुणाकुणाची कातडीही उतरते. त्या दिवसांत आई भाकरी थापायची नाही, बाप थापायचा. टोळीतल्या बाया हसायच्या. "बाप्याच्या हातची भाकर हाय का तालुक्याचा नकाशा?" बापही हसायचा. मीही. लहान होते. मला वाटायचं, लाल हात म्हणजे बापाच्या भाकरीचे दिवस.

आम्ही सुरगाणा तालुक्यातले. भात कापून झाला, नागली घरात आली की मुकादम जीप घेऊन येतो. टोळी भरते आणि दिंडोरीकडच्या बागांवर उतरते, ती बाग खाली होईपर्यंत. मी आठ वर्षांची होईपर्यंत दर हंगामाला गेले. मग सरकारी योजनेतून नाशिकच्या इंग्रजी शाळेत नंबर लागला, वसतिगृहात आले. अभ्यास बरा होता. परीक्षा दिली, मुलाखत दिली, एका वर्षासाठी अमेरिकेतल्या शाळेत जायची स्कॉलरशिप मिळाली. पेपरात फोटो आला, 'पाड्यावरून थेट अमेरिकेत'. फोटोत चार जणांचे हात माझ्या खांद्यावर होते. त्यातल्या एकालाही मी ओळखत नव्हते.

सानिका गंगापूर रोडची. फी भरून आलेली. मुलांना परदेशी पाठवणाऱ्या एक्सचेंजच्या संस्थेनं दोन नाशिकच्या मुली एकाच शाळेत ठेवल्या, एकमेकींना सोबत म्हणून.

आणि सानिका वाईट नव्हती. हे लिहायला जड जातं, पण लिहिते. पहिल्या बर्फात तिनं तिचं जाड जॅकेट मला दिलं आणि परत मागितलं नाही. मी राहायचे त्या होस्ट घरातल्या बाईंना मी हाताने भात खाताना बघून कसंसं व्हायचं, तेव्हा सानिका मुद्दाम येऊन माझ्याशेजारी बसली आणि हाताने जेवली. दिवाळीला आम्ही दोघी तिच्या खोलीत एकाच पांघरुणात बसून रडलो. माझी वेणी तीच घालायची. "तू माझी बहीणच आहेस गं," म्हणायची. खोटं बोलत नव्हती.

पण निघायच्या आधीच्या शिबिरात, आमची ओळख होऊन तासही झाला नव्हता, तेव्हा तिनं मोबाइलवर फोटो दाखवले. "हे आमचं फार्म." निळी टाकी. पत्र्याचं गोडाऊन. त्याच्या मागची पडवी.

त्या पडवीत मी चार हिवाळे झोपले होते.

ती रविवारी पांढऱ्या गाडीतून यायची. धूळ आहे म्हणून तिची आई तिला खाली उतरू द्यायची नाही. आम्ही पोरं लांबून बघायचो. जवळ गेलो की मुकादम हाकलायचा. मी तिला ओळखलं. तिनं मला ओळखायचं काही कारणच नव्हतं. लांब उभ्या असलेल्या मजुरांच्या पोरांचे चेहरे कुणी बघत नाही.

मी म्हणाले, "मस्त आहे गं."

तिथं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी सांगणं आणखी अवघड झालं. महिन्याभराने अशक्य. मला मैत्रीण हवी होती. एवढंच कारण आहे, मोठं काही नाही.

त्या नोव्हेंबरच्या तासानंतर हॅना नावाची मुलगी माझ्या मागे आली. तिच्या वडिलांची सफरचंदाची आणि द्राक्षाची बाग होती. बोलायला एकदम सरळ. म्हणाली, "ती मेंदी नाही. मेंदीला नक्षी असते. ते फवारणीचं काहीतरी आहे. त्यांच्या हातात हातमोजे का नाहीत?"

मी म्हणाले, "माहीत नाही."

रविवारी ती मला घरी घेऊन गेली. औषधांच्या खोलीबाहेर भिंतीवर हातमोज्यांचं खोकं, खाली नळ, साबण, दोन भाषांतला कागद. मी तो कागद उभ्या उभ्या दोनदा वाचला. कातडी भाजेल. डोळे जातील. लगेच धुवा. मला इतकी वर्षं वाटत होतं की हात सोलणं हा त्या कामाचाच भाग आहे. नांगरताना चिखल लागतो तसा. तो भाग नव्हता. कुणीतरी ठरवलं होतं की या हातांवर खर्च करायचा नाही.

अमेरिका स्वर्ग आहे असं सांगत नाहीये. बागेच्या टोकाला गंजलेल्या ट्रेलरमध्ये, चाकांवरच्या पत्र्याच्या घरात, मेक्सिकोहून आलेले मजूर राहायचे. हॅनाला त्यांच्यातल्या एकाचंच नाव माहीत होतं.

त्या आठवड्यात आईला फोन केला.

"हात कसेत?"

"हातासारखे. का गं?"

"तो फोटो कुणी काढला?"

"मालकीणबाईनं. म्हणली, हात वर करा, लय छान दिसतंय. केले वर."

"कशाला केलेस?"

"आता मालकीण म्हणतेय तर काय खाली ठेवू? तुला कुठं दिसला त्यो फोटो?"

मी सांगितलं. मालकाची मुलगी माझ्याबरोबर आहे हेही पहिल्यांदाच सांगितलं. आईनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाय, तू तिथं कायबी बोलू नको. हंगाम जायचाय अजून. अकरा घरं हायेत आमच्यासंग."

मी बोलले नाही. चार महिने. सानिकाबरोबर सिनेमे पाहिले, तिच्या वाढदिवसाला केक केला, वेणी घालून घेतली. आतून सगळं बधिर. दातांच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल आपला असतो आणि नसतोही, तसं.

मार्चमध्ये गावच्या वाचनालयात तोच कार्यक्रम ठेवला. या वेळी मोठी माणसं, साठ-सत्तर. त्याच स्लाइड. सानिका तीच वाक्यं बोलली. साध्या. आनंदी. रंग आवडतो. मी बटणावर बोट ठेवून उभी. तेवढ्यात एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "या बायका राहतात कुठे?"

"आमच्या फार्मवरच. एकदम फ्री," सानिका म्हणाली. "त्यांना उघड्यावर झोपायला आवडतं, सवय असते." मग तिचा हात माझ्या खांद्यावर आला. प्रेमानं आला. "माझी ही मैत्रीण त्याच समाजातली आहे. हिलाच विचारा ना, ते लोक किती खूश असतात!"

आजवर मी गप्प होते. गप्प बसणं मला जमत होतं. पण ती मला साक्ष द्यायला लावत होती. माझ्या तोंडून. माझ्या आईच्या समोर, कारण आई पडद्यावर होती, हात वर करून.

मी बटण दाबलं नाही. माझ्या ॲक्सेंटमध्ये म्हणाले, "डावीकडून तिसरी माझी आई आहे. तिच्या हातावर मेंदी नाही, औषध आहे. त्यानं कातडी जाते. हातमोजे देत नाहीत. तिथल्या पडवीत मी झोपले आहे, थंडी वाजते, कुणालाही आवडत नाही."

सगळ्यांना ॲक्सेंट कळला.

सानिका हसली. तिला वाटलं असावं मी गंमत करतेय. मग माझ्याकडे बघितलं आणि हसणं तसंच चेहऱ्यावर राहून गेलं. तिनं कार्यक्रम संपवून टाकला. एक बाई येऊन मला मिठी मारू लागल्या. मी मागे सरकले.

बाहेर पार्किंगमध्ये सानिका रडत होती.

"आधी का नाही सांगितलंस? पहिल्या दिवसापासून तुला माहीत होतं?"

"हो."

"मग मला सगळ्यांसमोर असं का केलंस? मला खरंच माहीत नव्हतं यार! मम्मीनं फोटो पाठवला, मेंदी म्हणाली!"

"आता माहीत झालं. बाबांना फोन कर. हातमोजे द्यायला सांग."

तिनं डोळे पुसले.  मग म्हणाली, "तुला काय माहीत बाबा तुमच्या लोकांसाठी किती करतात. दिवाळीला साड्या देतात. तुम्हाला कितीही करा, कमीच."

तुमच्या लोकांसाठी. सहा महिने मी बहीण होते. आता लोक झाले.

तिनं बाबांना फोन केला. पण हातमोज्यांसाठी नाही.

तिसऱ्या दिवशी आईचा फोन आला. बागेतून नाही, गावाकडून. तोडणी अर्धी असताना मालकानं टोळी उठवली होती. अकरा घरं जीपमध्ये घालून परत.

"काय बोलली तू तिथं?"

"खरं बोलले."

"खरं आमाला ठावं नव्हतं व्हय? आमचेच हात हायेत." मग म्हणाली, "मुकादम म्हणतो, तुझ्या पोरीची जीभ लय लांब झाली, विमानातनं इथवर पोचली." ती हसली नाही. मीही नाही. "अमेरिका तुला लागली. बाग आमची गेली."

फोन ठेवला तिनं. त्यानंतर मी परत येईपर्यंत तिचा फोन आला नाही.

जूनमध्ये आले. गावात मुकादमाच्या बायकोनं तोंड फिरवलं. टोळीतल्या बायांनी विचारपूस केली, पण चहा घे असं कुणी म्हणालं नाही. पुढच्या हंगामाला टोळीला निफाडकडची बाग मिळाली, आणखी लांब. तिथं पडवीसुद्धा नाही, ताडपत्री आहे. तिथंही औषध लाल. हे सगळं माझ्या बोलण्याने झालं. मी ते नाकारत नाही आणि त्याबद्दल माफीही मागत नाही. टोळी मी उठवली नाही, मालकाने उठवली. पण ताडपत्रीखाली मी झोपत नाही, आई झोपते. दोन्ही खरं आहे.

आता मी नाशिकमध्ये कॉलेजला आहे. एका संघटनेबरोबर बागांवर पत्रकं वाटते. मी लिहिते, मीच छापायला देते. 'कामगार बंधू-भगिनींनो' अशी सुरुवात. दोन वर्षं वाटतेय. बाया पत्रक घेतात, घडी घालतात, त्यात मिसरी बांधून ठेवतात. मी वाईट वाटून घेत नाही. वाचून काय करणार? वाचून काम नाकारायचं म्हणजे जीपमधून उतरायचं, आणि उतरलं की दुसरी चढते.

एक्सचेंजवाल्या संस्थेनं मध्यंतरी बोलावलं होतं. नव्या मुलामुलींना अनुभव सांगा म्हणे. "अमेरिकेतली मैत्री, संस्कृतीची देवाणघेवाण असं काहीतरी. पण वाद नको हं, पालक असतात." मी नाही म्हणाले. कसली देवाणघेवाण? मी खरं गिळायचं, त्यांनी टाळ्या द्यायच्या.

दसऱ्याला गावी गेले. आईला सांगितलं, औषधाच्या दिवसात कामाला जाऊ नको. आई भात पाखडत होती. सूप थांबलं नाही.

"तू देणार का काम?"

"नाही."

"मग बोलू नको."

"मग मी येते."

सूप थांबलं. "कुठं?"

"टोळीत. बागेवर."

"तू अमेरिकेला जाऊन आली, आन् बादली धरशील? लोक हसतील."

"हसू दे."

मुकादमाला जाऊन सांगितलं. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "शिकलेली बाई मी जीपात घेत नाय. लय तरास." मी म्हणाले, नाही घेतलंस तर मागून एसटीने येईन, त्यापेक्षा डोळ्यांसमोर ठेव. विचार करून म्हणाला, "मागं बस. तोंड बंद."

मागे बसेन. तोंडाचं काही कबूल केलेलं नाही.

सोमवारी जीप निघते. भाषण करणार नाही, पत्रक वाटणार नाही. ओळीत उभी राहीन, आईच्या शेजारच्या ओळीत. औषध कालवून पहिली बादली माझ्यापुढं आली की ती खाली ठेवीन आणि बागेच्या तोंडाशी बसेन. हातमोजे येईपर्यंत माझ्या ओळीतली एक काडी ओली होणार नाही. मालक मला उठवेल, उठणार नाही. टोळी उठवेल, तर या वेळी मीही त्याच जीपमधून परत येईन आणि पुढच्या बागेवर पुन्हा बसेन. कदाचित बाकीच्या दहाजणी काम करत राहतील. कदाचित आईही करेल. मला शिव्या घालत करेल.

घालू दे. मी बसणार आहे.