मंजुळाबाईचं तपेलं

गुरुवारी चाकणच्या कंपनीला सुट्टी, म्हणून मिनलनं चिमाबाईला, आपल्या आजीला, स्कूटीवर घेतलं आणि तळवड्याच्या बाजूच्या जुन्या पत्र्याच्या शेडात आणलं. साठ वर्षांमागं तिथं भूमिहीनांची सभा भरली होती. आता शेडाचं स्मारक झालंय. चिमाबाईला भाषणांच्या फोटोंशी घेणंदेणं नव्हतं. तिला आईचं पितळी तपेलं बघायचं होतं. सभेचा चहा त्यातच उकळला होता, आणि दहा वर्षांची चिमा चुलीत काटक्या सारत होती.

तपेलं होतं. चौथऱ्यावर, काळंकुट्ट. पुढं पाटी : 'सभेच्या चुलीवरचे तपेले. काजळी त्याच दिवसाची. मालक अज्ञात.'

"ही काजळी माझ्या आयची न्हाई," चिमाबाई म्हणाली.

देखरेखीला बसलेला धम्मरत्न उठून आला. "जयभीम आजी. काजळी कुणाची, हे कसं वळखायचं?"

"आय चुलीवर चढवायच्या आधी बुडाला राख-मातीचा लेप द्यायची. काजळी लेपावर बसायची, पाण्याबरुबर निघून जायची. तपेलं हितंच राहिलं, मग वाडीच्या लग्नांत आचाऱ्यांनी असं करून ठेवलं. आन् मालक अज्ञात कसा? नाव घातलंय तिनं. काठाखाली."

"आजी, इथं हात लावत नाहीत," मिनल कुजबुजली.

"मी कुठं लावतीय? त्याला लाव म्हणतीय."

धम्मरत्ननं मान खाजवली. "काजळी गेली आन् नाव निघालं न्हाई, तर साहेब मला घासून काढतील."

तरी त्यानं रुमालाचं टोक भिजवलं. घासलं. काही नाही. तपेल्यावर आईचं नाव आहे, असं चिमाबाई घरातून निघताना शेजारणीला छातीठोक सांगून आली होती.

"जरा डावीकडं सरक," ती म्हणाली.

काळ्यातून पिवळं पितळ वर आलं. त्यावर काळ्या ठिपक्याठिपक्यांनी पुरतं नाव उमटलं, मंजुळाबाई.

धम्मरत्ननं पाटी काढली, उलटी केली आणि मागं पेनानं लिहिलं : 'तपेले मंजुळाबाईंचे. सभेचा चहा त्यांनी केला. काजळी नंतरची.' मिनलनं ते दोनदा वाचून दाखवलं. चिमाबाईनं तिसऱ्यांदा वाचायला लावलं.

"चिंच आणू का रं? घटकाभरात लख्ख करते."

"न्हाई आजी. ऱ्हाऊ द्या तसंच."

"बरं. मग खाली एवढं लिव्ह, तिची भांडी अशी नसायची."

धम्मरत्ननं पेनाला अजून टोपण लावलं नव्हतं. तो पुन्हा पाटीवर वाकला.