टाकीवरचं कुंकू

ब्रेकमध्ये खोट निघाली म्हणून कंपनीनं आमची मोटारसायकल परत बोलावली. शोरूमवाल्यानं भाग फुकट बदलला, टाकीच्या झाकणावर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हार घातला. तेव्हापासून गाडी वाटेत बंद पडायला लागली.

"पेट्रोलात कचरा असंल, ताई," शोरूमवाला म्हणाला. नवरा पंपवाल्याला शिव्या देत झाकण उघडायचा, आत डोकावून परत लावायचा, किक मारायचा आणि गाडी चालू! मागं बसून माझं डोकं फिरलं.

हसनाबादच्या अलीकडं ती पुन्हा बंद पडली. मी नवऱ्याचा हात धरला. "झाकण उघडू नका. नुसती किक मारा."

तो घामाघूम झाला, गाडी ढिम्म. मग मीच झाकण उघडलं. फुस्स करून हवा आत गेली आणि पहिल्याच किकला गाडी सुरू. झाकणाचं हवेचं बारीक भोक वाळलेल्या कुंकवानं बुजलं होतं; आत हवा जाईना म्हणून पेट्रोल खाली उतरत नव्हतं. बांगडीतली पिन काढून मी ते मोकळं केलं. पुढं धावडा गावापर्यंत गाडी कुठंच थांबली न्हाई.

दुसऱ्या दिवशी मी शोरूम गाठलं. तोच माणूस नव्या गाडीपुढं पूजेचं ताट घेऊन उभा होता. मी सगळ्यांदेखत त्याला म्हणाले, "भाऊ, कुंकू हँडलला लावा. टाकीला श्वास घेऊ द्या."